'स' कोणाचा? एका राज्याच्या अंकलिपीतील एका अक्षराविषयी

१/
'अ अननसाचा' हे आपल्यापैकी अनेकांचे आयुष्यातील पहिले पाठांतर. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो भारतात आला आणि येताना आपले नावही घेऊन आला. मराठी मुलाच्या पहिल्याच अक्षरात सागरी व्यापाराचा इतिहास असा नकळत येऊन बसला आहे. आजचा धागा मात्र अंकलिपीत जाणीवपूर्वक बसवलेल्या इतिहासाविषयी आहे.

२/
अमेरिकेत एकेका राज्याचा इतिहास आणि संस्कृती ए ते झेड या २६ अक्षरांतून सांगणारी सचित्र बालपुस्तके निघतात. स्लीपिंग बेअर प्रेस या प्रकाशनसंस्थेचे मिशिगन राज्यावरील पुस्तक १९९९ मध्ये आले आणि पुढे इतर राज्यांचीही आली. त्यांची रचना मोठी सुबक आहे. प्रत्येक अक्षराला एक चित्र, लहानग्यांसाठी चार ओळींची कविता आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी बाजूच्या स्तंभात सविस्तर माहिती.

३/
या मालिकेत ओक्लाहोमा राज्याचे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखक डेव्हिन सिलियन, चित्रकार कँडी राडझिन्स्की. पुस्तकाचे नाव 'एस इज फॉर सूनर', म्हणजे आपल्या पद्धतीने 'स सूनरचा'. आतील पानांचे परीक्षण हा या धाग्याचा हेतू नाही. मुखपृष्ठावरील त्या एका अक्षरावर कोण बसले आहे, एवढाच आपला प्रश्न आहे.

४/
सूनर म्हणजे कोण? आजच्या ओक्लाहोमाच्या मध्यभागी असलेली सुमारे २० लाख एकर जमीन अमेरिकी सरकारने वसाहतीसाठी खुली केली. २२ एप्रिल १८८९, दुपारी १२ वाजता इशारा होताच सुमारे ५०,००० माणसे घोड्यांवरून, गाड्यांतून आणि पायी धावत सुटली. जो आधी पोहोचेल, त्याला १६० एकरांवर हक्क सांगता येणार होता.

५/
मुहूर्तापूर्वी हद्दीत शिरणाऱ्याचा हक्क जाईल, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते. तरीही अनेक जण आधीच आत जाऊन दबा धरून बसले. त्यांना 'सूनर', म्हणजे वेळेआधी घुसलेले, असे म्हणू लागले. तेव्हा ती शिवी होती. पुढे तिची धार बोथट झाली. १९०८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाने तेच नाव घेतले, आणि आज ते साऱ्या राज्याचे अभिमानाचे टोपणनाव आहे.

६/
पण ही जमीन मोकळी होती का? मुळीच नाही. क्रीक आणि सेमिनोल या मूलनिवासी राष्ट्रांना ती १८६६ च्या तहांत सोडावी लागली होती. त्याआधी ही राष्ट्रे स्वतःच आग्नेय अमेरिकेतील आपल्या गावांतून इकडे हाकलली गेली होती. म्हणजे ज्यांना एकदा उठवून इथे आणले, त्यांच्याच हातून पुन्हा काढून घेतलेल्या जमिनीवर ही शर्यत धावली गेली.

७/
आता त्याच 'स'चा दुसरा मानकरी पाहू. सेक्वोया हा चेरोकी समाजातील चांदीकाम करणारा कारागीर. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावर बोलणे उतरवतात, हे पाहून त्याने आपल्या भाषेसाठी तसेच काही घडवायचे मनावर घेतले. आधी प्रत्येक शब्दाला एक चिन्ह करून पाहिले. तो मार्ग निष्फळ ठरल्यावर तो शब्दांतील अवयवांकडे वळला.

८/
सुमारे १८२१ मध्ये त्याची लिपी सिद्ध झाली. मूळची ८६ चिन्हे होती, आज ८५ वापरात आहेत. आपल्या बाराखडीप्रमाणे तिथेही एक चिन्ह म्हणजे एक उच्चारखंड. मात्र काना-मात्रा नाहीत, प्रत्येक खंडाला स्वतंत्र चिन्ह. इंग्रजी 'डी'सारखे दिसणारे चिन्ह तिथे 'अ' वाचले जाते. परक्या छापील अक्षरांची रूपे घेऊन त्यांत त्याने आपल्या भाषेचे ध्वनी भरले.

९/
२१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फिनिक्स' हे चेरोकी-इंग्रजी द्वैभाषिक वृत्तपत्र निघाले. बाळशास्त्री जांभेकरांचे मराठी-इंग्रजी 'दर्पण' निघाले ६ जानेवारी १८३२ रोजी. दोन्हींमध्ये चार वर्षांचेही अंतर नाही. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन समाज सत्ताधाऱ्यांच्या भाषेशेजारी आपली भाषा छापून उभे राहत होते.

१०/
लिपीने भूमी मात्र वाचली नाही. १८३० मध्ये मूलनिवासींच्या हकालपट्टीचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये चेरोकींना सक्तीने पश्चिमेस नेण्यात आले आणि त्या वाटेवर सुमारे ४,००० माणसे मरण पावल्याचा अंदाज आहे. सेक्वोया त्यापूर्वीच, १८२९ मध्ये, आजच्या ओक्लाहोमात येऊन राहिला होता. तिथले त्याचे लाकडी घर आजही जतन केलेले आहे.

११/
१९०५ मध्ये मूलनिवासी राष्ट्रांनी स्वतंत्र राज्याची मागणी केली, राज्यघटना लिहिली आणि मतदारांनी ती मोठ्या बहुमताने मान्य केली. प्रस्तावित राज्याचे नाव होते 'सेक्वोया'. अमेरिकी संसदेने ती मागणी मानली नाही. १९०७ मध्ये दोन प्रदेश जोडून ओक्लाहोमा राज्य झाले. हे नावही चोक्टॉ भाषेतले आहे. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे तांबडे.

१२/
माझे मत असे. अंकलिपी हा इतिहासलेखनाचा सर्वांत कठोर प्रकार आहे, कारण तिथे एका अक्षराला एकच आसन असते. शब्दच मिळत नसेल, तर आपण नियम वाकवून 'ण बाणाचा' म्हणतो. इथे ती अडचण नव्हती. एकाच अक्षराचे दोन दावेदार होते: रांग मोडून जमीन बळकावणारा आणि आपल्या लोकांना अक्षरे देणारा. अक्षरांच्याच पुस्तकाचे नाव पहिल्यावरून पडावे, हे मला खटकते.

१३/
यावर कोणी म्हणेल, सहा वर्षांच्या मुलावर हे ओझे कशाला? आणि टोपणनाव तर लोकांनीच आपलेसे केले आहे. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. सूनर पुसून टाकावा, असे मी म्हणत नाही. तो राज्याच्या इतिहासाचाच भाग आहे. पण बाजूचा स्तंभ याच कामासाठी असतो. कवितेत घोडे धावू देत. स्तंभात ते कोणाच्या जमिनीवर धावले, हेही यावे. वर्गातल्या चेरोकी मुलीलाही तोच 'स' गिरवायचा असतो.

१४/
१९१७ मध्ये अमेरिकी संसदभवनातील राष्ट्रीय पुतळादालनासाठी ओक्लाहोमाने सेक्वोयाचाच पुतळा दिला. राजधानीत आपला प्रतिनिधी म्हणून राज्याने ज्याला निवडले, त्याला मुलांच्या मुखपृष्ठावर बसवणे अवघड नव्हते.

उद्या कोणी महाराष्ट्राची अशी सचित्र अंकलिपी काढली, तर प्रत्येक अक्षरापाशी थांबून विचारावे: या आसनासाठी आणखी कोण उभे होते? तुमच्या मनातील एक अक्षर आणि त्याचे दोन दावेदार खाली अवश्य लिहा.

धागा समाप्त.