मदतीचा फोटो नको



८ मे ही तारीख रेल्वे कामगाराला विसरता येत नाही. १९७४ साली याच दिवशी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगार त्यात उतरले. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. तोवर हजारो तुरुंगात गेले होते, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि कित्येक कुटुंबांना क्वार्टरमधून सामानासकट बाहेर काढले होते. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी बडतर्फांना कामावर परत घेतले.

मधल्या तीन वर्षांत त्या घरांच्या चुली कशा पेटल्या? वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. वाण्याने उधारीची वही मिटली नाही. शेजारीण "आज भाजी जास्त झाली" म्हणत पातेले ठेवून जाई. जास्त काही झालेले नसे, हे दोन्ही घरांना ठाऊक असे. पण तसे म्हटल्याने घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

२०२० साली पुन्हा तसा काळ आला. ८ मे रोजीच पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या हद्दीत रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळावर विखुरल्या होत्या. इकडे बेंगळुरूत मजूर गावी जायला तळमळत असताना राज्य सरकारने श्रमिक गाड्या थांबवायला सांगितले. देशभर ओरड झाल्यावर त्या पुन्हा सुटल्या.

त्या दिवसांत आम्ही ठेक्यावरच्या सफाई कामगारांना धान्य वाटले. बॅनर लावला, रांग लावली, फोटो काढले. एक बाई रांगेतून मुकाट निघून गेली. घरात तांदूळ संपला होता, तरी गेली. रात्री आमच्यातला एक पॉइंट्समन तिच्या दारात पिशवी ठेवून आला. दार वाजवले आणि निघाला. त्या दिवशी युनियनचे काम खऱ्या अर्थाने त्याने केले, आम्ही नव्हे. हे आम्ही लाज न बाळगता कबूल करतो.

पोस्टातले बंधूही तेव्हा अंगठ्याचे यंत्र घेऊन म्हाताऱ्यांच्या, विधवांच्या दारी पैसे पोचवीत होते. कोणाच्या घरात काय नाही, हे पोस्टमनला आधी कळते. तो बोभाटा करीत नाही.

काही साथी म्हणतात, अशा दानधर्माने लढा बोथट होतो. आम्हाला हे पटत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, हे तत्त्व १९७० च्या ठेका कामगार कायद्यापासून चालत आले आहे. ते वसूल करायलाच हवे. त्याला पिशवीभर तांदूळ हा पर्याय नाही. पण अर्ज, सुनावणी, तारखा यांत महिने जातात आणि लेकरांचे पोट तेवढे थांबत नाही. ज्याची चूल विझली तो लढ्यात टिकणार कसा?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. प्रत्येक शाखेने अडचणीच्या वेळेसाठी थोडा निधी बाजूला ठेवावा. त्याचा हिशेब चोख असावा, पण घेणाऱ्याचे नाव फळ्यावर लागू नये. ठेक्यावरचा कामगार आपल्या युनियनचा सभासद नसला, तरी त्याला वगळू नये. आणि मदत देताना कॅमेरा घरी ठेवावा.

आपल्या वडिलांच्या पडत्या काळात कोणीतरी पातेले आणून दिले होते. त्याचा फोटो नाही. पण ते आजवर कोणी विसरलेले नाही.