भाड्याच्या घराचा खरा हिशेब

कापड घेताना आम्ही व्यापारी नुसता भाव विचारत नाही. पन्हा मोजतो, धुतल्यावर किती आटेल तेही पाहतो. घर भाड्याने घेताना मात्र आमचे कारागीर बांधव एकच सवाल करतात : भाडे किती?

आमच्याकडील कटिंग मास्तरने कुर्ल्याची खोली सोडून मुंब्र्यात, स्टेशनपासून लांब घर घेतले. भाडे तीन हजारांनी कमी झाले. पण रिक्षाला रोजचे ६० रुपये, म्हणजे २६ दिवसांचे १,५६०. रेल्वेचा पास महागला तो वेगळा. शिवाय संध्याकाळचे जादा काम सुटले. बचत कुठे राहिली? गर्दीत जीव मुठीत धरायचा तो निराळाच. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, हे आम्ही विसरलेलो नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. काळबादेवीचे स्टेशन कापडबाजाराजवळच आहे. स्टेशनला अगदी लागून भाडे चढेच असणार. म्हणून पंधरा मिनिटे चालण्याच्या अंतरावर शोधावे आणि कामाच्या वेळी ते अंतर स्वतः चालून पाहावे. दलालाची 'पाच मिनिटे' धरू नयेत.

आता भाडेवाढ. वर्षाला चार टक्केच वाढ करता येते, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील ही तरतूद भाडेकरूंसाठी आहे. लीव्ह अँड लायसन्सच्या घराला ती लागू नाही. तिथे करारात लिहिले असेल तेच खरे. आमच्या मास्तरचे अकरा महिने भरताच मालकाने पंधरा टक्के वाढ मागितली, दलालाने पुन्हा दलाली. तेव्हा करार दोन-तीन वर्षांचा करावा आणि दर वर्षाची वाढ आकड्यात लिहून घ्यावी. करार अकरा महिन्यांचा असला तरी कलम ५५ प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

मालकांना भीती असते की माणूस घर सोडणार नाही. कलम २४ पाहा : मुदत संपल्यावर घर खाली केले नाही, तर दुप्पट रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागते. मग लांब मुदतीच्या कराराला घाबरायचे कशाला?

शेवटी आमच्यातल्या घरमालकांशी दोन शब्द. नाव ऐकून आपल्या लोकांना पुष्कळ सोसायट्यांत घर नाकारले जाते. ते आपल्याच वस्तीत येतात आणि ही अडचण पाहून आपणच भाव चढवतो. हे इमानाला धरून नाही, आणि धंद्यालाही नाही. २० हजार भाड्यावर पाचऐवजी दहा टक्के वाढ घेतली, तर अकरा महिन्यांत ११ हजार जास्त मिळतात. भाडेकरू गेला आणि घर एक महिना बंद राहिले, तर २० हजार गेले. वर दलाली.

रोखीने एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा वर्षानुवर्षे वेळेवर पैसे देणारे गिऱ्हाईक बरे, हे दुकानात आम्हाला समजते. घराच्या बाबतीतही समजून घ्यावे.