सात सुनांचे मौन

ग्रीक पुराणकथांना गेल्या दोन दशकांत नवा बहर आला आहे. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवुड यांनी २००५ साली ‘पेनेलोपियाड’ लिहून, युलिसिसची वीस वर्षे वाट पाहणाऱ्या पेनेलोपीला आणि तिच्या फासावर गेलेल्या बारा दासींना बोलते केले. अमेरिकेच्या मॅडलिन मिलर यांनी २०१८ साली निर्जन बेटावर हद्दपारीत दिवस कंठणाऱ्या सर्सी या मायाविनीला कादंबरीची नायिका केले. महाकाव्यात नायकाच्या कथेच्या कडेला राहणारी ही पात्रे आता स्वतःची कहाणी स्वतः सांगतात. त्या कहाणीचे सूत्र बहुधा एकच असते. एकाकीपण आणि त्यातून जागणारी कामना.

इंग्रजी वाचणारी आपली मुले-मुली ही पुस्तके आवडीने वाचतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते खटकते. पुराणांत असे काही शोधणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणून विषय संपविला जातो. परंतु मराठी वाचकाला तरी असे म्हणता येणार नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनी आपापल्या तोंडून सांगितलेली ती अतृप्तीची कहाणी महाराष्ट्राने घरोघरी वाचली. पुढे तिच्या लेखकाला ज्ञानपीठ पुरस्कारही मिळाला. तेव्हा प्रश्न पुराणकथा नव्याने सांगावी की नाही, हा नाही. ती सांगून झाल्यावर माणूस कुठे पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी एक जुनी ग्रीक कथा पाहू. युरिपिडीसने इसवी सनापूर्वी ४२८ मध्ये ‘हिपोलिटस’ हे नाटक रंगभूमीवर आणले. राजा थीसियसची पत्नी फीड्रा आपल्या ब्रह्मचारी सावत्र मुलावर मोहित होते. तो तिचा धिक्कार करतो. ती त्याच्यावर खोटा आळ घेणारे पत्र मागे ठेवून गळफास घेते. पिता पुत्राला शाप देतो आणि पुत्र स्वतःच्याच रथाच्या घोड्यांमागे फरफटत जाऊन प्राणास मुकतो. सत्य कळते, पण फार उशिरा. मागे उरतो तो उद्ध्वस्त राजवाडा.

नेमकी याच घाटाची कथा आपल्या विदर्भातही आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील गोंड समाज ज्याला आपला आद्य गुरू मानतो, त्या लिंगोची ही कथा. परधान गायकांनी किंगरीच्या साथीने ती पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या स्कॉटिश मिशनऱ्याने ती टिपून घेतली आणि त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ती छापली.

या पाठात चार गोंड भाऊ आणि लिंगो एकत्र राहतात. भावांचे विवाह सात बहिणींशी होतात. लिंगो अविवाहित राहतो. भाऊ शिकारीला रानात जातात आणि लिंगो झोपाळ्यावर निजलेला असतो. हा आपल्याकडे पाहत नाही, हसत नाही, बोलत नाही, असे म्हणत सातही जणी त्याच्याशी लगट करतात. तो मुसळ उचलून त्यांना पिटाळतो. सायंकाळी त्या पतींजवळ उलटा आळ घेतात आणि भाऊ लिंगोला ठार करतात.

येथवर दोन्ही कथा हातात हात घालून चालतात. पुढे मात्र वाटा फुटतात. लिंगोच्या देहावर अमृत शिंपडले जाते आणि तो पुन्हा उठतो. तो सूड घेत नाही. त्या भावांना सोडून तो गुहेत कोंडलेल्या गोंडांचा शोध घेतो, त्यांना मुक्त करतो आणि त्यांची कुळे लावून देतो. आजही या समाजात चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी कुळांची विभागणी आहे आणि समान देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही. कामनेने ज्या कथेत घर मोडले, तिच्याच शेवटी विवाहाची मर्यादा उभी राहिली. ग्रीक नाटककार विनाशापाशी थांबला; परधानाची कथा समाजाच्या उभारणीपर्यंत गेली. आपल्या परंपरेचे हे बळ निःसंशय मोठे आहे.

तथापि, एवढ्यावर समाधान मानणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या सात बहिणींचे पुढे काय झाले? माहेर सुटलेल्या, दिवसभर रिकाम्या घरात मागे राहणाऱ्या त्या सुनांच्या मनात काय होते? त्यांनी केले ते पापच होते. पण त्याआधी त्यांना कोणी विचारले होते काय? या प्रश्नावर कथा मौन पाळते. नव्या ग्रीक कादंबऱ्यांचे बलस्थान नेमके येथे आहे. त्या एकाकी माणसाचे ऐकून घेतात. त्यांची उणीव अशी की, ऐकून झाल्यावर बहुधा त्या त्याला त्याच्या बेटावरच सोडून देतात. वाचकही खोलीचे दार लावून एकटाच वाचतो आणि एकटाच अस्वस्थ होतो.

झाडीपट्टीकडे या दुखण्यावरचे औषध आहे. धानाची कापणी झाली की वडसा देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. सासू-सून, बाप-लेक एकाच मंडपात बसून दुसऱ्याच्या दुःखावर रडतात. त्या मंडपात उद्या सात सुनांपैकी एखादी बोलू लागली, तर ती एकटी राहणार नाही. हे नाटक गोंड तरुणांनीच लिहावे. ज्यांची कथा, पहिला अधिकार त्यांचा. त्यांच्या अभ्यासकांनी लिंगोचे चरित्र आपल्या दृष्टीने मांडण्यास केव्हाच आरंभ केला आहे.

कुटुंबांनीही यातून बोध घ्यावा. मुलीच्या हातातील ‘सर्सी’ काढून घेण्याने तिचे एकाकीपण जाणार नाही. ते पुस्तक एकदा आईने वाचावे आणि लिंगोची कथा मुलीला सांगावी. दोघी त्यावर बोलू लागल्या, की बेटाचा किनारा घराला लागलाच म्हणून समजावे. मर्यादा आवश्यकच आहे. पण जे घर ऐकून घेते, त्याच घरात ती टिकते.