दावणीला बघून बैल घेत नाही, गाडी मात्र घेतो



आज भाताच्या नोंदी नाहीत. कापणी उरकली, झोडणी चालू आहे, त्यावर पुढच्या आठवड्यात लिहीन. आज गाडीवर लिहितो, कारण गेल्या पंधरवड्यात जे बघितलं ते पोटात ठेवलं तर पचणार नाही.

माझं बिऱ्हाड ठाकुर्लीत, शेती मुरबाडच्या पुढे. आठवड्यातून दोनदा जाऊन-येऊन ९० किलोमीटर होतात. जुनी गाडी थकली. दिवाळीनंतर ठरवलं, लहान डिझेल गाडी घ्यायची. पैसे भाताचे आणि भाजीचे, वर पाच वर्षांचा हप्ता. चुकलो तर पाच वर्षं चुकल्याचे पैसे भरायचे. म्हणून हे सगळं.

शोरूममध्ये गेलो. पोरगा चांगला, तरतरीत. "काका, बसा, टेस्ट ड्राइव्ह घेऊया." एसी आधीच लावून ठेवलेला, गाडी धुतलेली, आत सुगंध. मी चालवायला, तो शेजारी, मागे कोणी नाही. सरळ काँक्रीटचा रस्ता, एक यू-टर्न, परत दारात. दोन किलोमीटरसुद्धा भरले नसतील. वाटेत अर्धा वेळ तो मला छप्पर उघडून दाखवत होता. उतरल्यावर म्हणाला, "कशी वाटली काका? बुकिंग करायचं?"

मी त्याला विचारलं, "बाळा, तू बैल कधी घेतलायस का?"

हसला. त्याची चूक नाही. पण मंडळी, आपण तर घेतलेत ना?

पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलबाजार भरतो. वडिलांबरोबर मी लहानपणापासून जायचो. वडील आधी दात बघायचे, मग खूर, मग खांदा. मग बैल चालवून बघायचे, आणि तेवढ्यावर कधी थांबले नाहीत. जोताला लावून बघायचे, भरल्या गाडीला जुंपून बघायचे, चढावर बसतो का ते बघायचे. विकणारा म्हणाला की "आत्ताच पाणी पाजलंय, नंतर बघा", तर वडील तिथून हलायचे. शिंगाला रंग आणि गळ्यात घुंगरू जास्त असलं की त्यांना उलट संशय यायचा. रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचा तो हे सगळं झाल्यावर.

आणि त्याच घरातला मी, बैलाच्या कितीतरी पट किमतीची गाडी दोन किलोमीटर फिरवून घेणार?

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले मित्र हे पान वाचतात, त्यांना वेगळ्या भाषेत सांगतो. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे रस्त्याकडेचा डेमो प्लॉट. जमीन सगळ्यात चांगली, पाणी हवं तेव्हा, खत दुप्पट, आणि शेजारी तुलनेला दुसरा वाण नाही. असा प्लॉट बघून तुम्ही शिफारस कराल का? कर्जतच्या केंद्रातून भाताचा वाण बाहेर पडतो तो किती हंगाम, किती ठिकाणी, कोणत्या वाणाशेजारी लावून बघितल्यावर? मग शेतकऱ्याला तुम्ही "चाचणी बघून बियाणं घ्या" म्हणता आणि स्वतःची गाडी ब्रोशर बघून घेता, हे कसं?

दुसऱ्या दिवशी परत गेलो. बायको, भाऊ, पुतण्या, आणि तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या घेऊन. पोरगा बिचकला. "काका, एवढा लोड टेस्ट ड्राइव्हला नसतो." मी म्हटलं, "मग मी गाडी घेतल्यावर काय रिकामी फिरवणार आहे? युरियाची गोणी ४५ किलोची असते, आणि ती बसायला जागा मागते." तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर आधी नाही म्हणाला. मी म्हटलं, "ठीक, मग दुसरीकडे बघतो." दहा मिनिटांत किल्ली मिळाली. हे लक्षात ठेवा. किल्ली मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि उठल्याशिवाय कोणी देत नाही.

गाडी पत्रीपुलावर नेली. जुना पूल २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला, पण संध्याकाळची गर्दी काही पाडता आली नाही. चढावर थांबायचं, पुन्हा उचलायची, पुन्हा थांबायचं. डिझेलची खरी परीक्षा इथे. जास्तीत जास्त ताकद किती, हे ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात असतं. ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको की नांगर ओढायला एचपीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर लागतो. आजची टर्बो डिझेल दीड हजार फेऱ्यांच्या खाली मरगळते आणि मग एकदम उचलते. भरल्या गाडीत, क्लच अर्धा दाबून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे सोसतं का, ते काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर कळत नाही.

मग ठाकुर्ली स्टेशनजवळच्या अरुंद गल्लीत घातली. समोरून रिक्षा, बाजूला भाजीवाली. पुढचा खांब एवढा जाड की वळताना माणूस दिसेना. हे पहिल्या दिवशी कळलंच नव्हतं. गतिरोधकावर चौघं बसलेली गाडी खालून घासली. रिकामी असताना अजिबात घासली नव्हती. जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीची मोजतात, आपण भरलेली चालवतो.

शेवटी अंधार पडायची वाट बघितली आणि दिवे लावले. पोरगा म्हणाला, "काका, शोरूम बंद व्हायची वेळ झाली." पण आवणीच्या दिवसांत रात्री नऊला, पावसात, मुरबाड रस्त्याने मी परत येतो तेव्हा शोरूम माझ्यासाठी उघडं नसतं. दिवे बघितले. त्या मॉडेलचे फिके होते. ती गाडी यादीतून गेली.

आता ऑप्शनकडे येतो, कारण खरी लूट तिथे आहे.

मी साधी विभागणी केली. कारखान्यातून आलं नाही तर नंतर बसवता येत नाही, त्याला पैसे द्यायचे. एअरबॅग, ईएसपी, चढावर गाडी मागे न सरकू देणारी सोय, मागच्या मधल्या माणसालाही खांद्यावरून येणारा पट्टा, चांगले दिवे, सीटची उंची वरखाली होणं, मागचा वायपर आणि काच पुसणारी गरम तार. माळशेजच्या धुक्यात शेवटच्या दोन गोष्टींची किंमत कळते. स्टेपनी बाकीच्या चाकांच्या मापाची आहे का, हे डिकी उघडून डोळ्यांनी बघायचं. आणि बाहेर बाजारात मिळतं, ते बाहेरून घ्यायचं. सीट कव्हर, मॅट, स्पीकर, मागचा कॅमेरा, मडगार्ड.

शोरूमचा हिशोब बरोबर उलटा. मला मागचा वायपर हवा होता. पोरगा म्हणाला, तो वरच्या व्हेरियंटमध्ये. वरच्या व्हेरियंटमध्ये सनरूफ पण आलं, मोठा स्क्रीन पण, रंगीत दिवे पण. म्हणजे मला मीठ हवं असेल तर अख्खी मिठाई घ्यायची. कोकणात ठाणे जिल्ह्यात चार महिने पाऊस, चार महिने ऊन. छप्पर उघडून मी काय बघू? शेतकऱ्याला आभाळ बघायला सनरूफ लागत नाही.

पुतण्याला सनरूफ आवडलं, हे कबूल करतो. "काका, विकताना भाव येतो," असंही तो म्हणाला. येत असेल. पण मी गाडी विकायला घेत नाही, चालवायला घेतो. शिंगाच्या रंगाचे पैसे पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होतील म्हणून वडिलांनी कधी बैल घेतला नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला. चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर आधी सेस धरून ३१ टक्के होता. चांगली गोष्ट झाली. पण शोरूममध्ये पहिलं वाक्य काय ऐकलं? "काका, एवढं वाचलंय, तर त्यात वरचं मॉडेल येतं." सरकारने सोडलेला पैसा आपल्या खिशात पोचायच्या आत छपरातून उडवायचा! तो पैसा हप्ता कमी करायला वापरा.

आता सगळ्यात कडू भाग, आणि तो शोरूमला नाही, आपल्याला आहे. डिझेलच का?

आपल्याकडे डिझेल ही सवय आहे. घरात ट्रॅक्टर, शेडमध्ये ड्रम, म्हणून गाडी पण डिझेल. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि लहान डिझेल गाडी बदलली. मारुतीने तेव्हा डिझेल सोडलंच. आज डिझेलवर मिळणारी हॅचबॅक एकच उरली आहे, टाटाची अल्ट्रोज. बाकी चार मीटरच्या आतल्या उंच गाड्या, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, ३एक्सओ, आणि आपली बोलेरो. सगळ्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती गाळणी भरली की इंजिन जास्तीचं डिझेल टाकून तिला तापवतं आणि काजळी जाळतं. त्यासाठी गाडी एका दमात वीसेक मिनिटं बऱ्या वेगाने पळावी लागते. पळाली नाही तर दिवा लागतो, आणि ते जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

माझ्या साडूने डिझेल घेतली. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, रविवारी ९० फुटी रस्ता. दीड वर्षात दोनदा गाळणी तुंबली, आणि दुसऱ्या वेळचं बिल एका एकरातल्या भाताएवढं झालं. गाडी खोटी नव्हती, वापर चुकीचा होता. पण घेताना एकानेही त्याला विचारलं नाही, "साहेब, रोज किती चालवता?" विचारलं असतं तर पेट्रोल विकावी लागली असती.

५० एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरला ही गाळणी नसते, म्हणून आपल्याला तिचा पत्ता नाही. ड्रममधलं, पाणी उतरलेलं डिझेल ट्रॅक्टर कदाचित सोसेल, या गाडीचा इंजेक्टर सोसणार नाही. ड्रम गाडीपासून लांब ठेवा.

माझा हिशोब देतो, आकडे तुमचे घाला. पेट्रोल १०४ रुपये आणि भरल्या गाडीला १४ चा अॅव्हरेज धरला तर किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे. डिझेल ९० रुपये आणि १९ चा अॅव्हरेज, तर ४ रुपये ७४ पैसे. किलोमीटरमागे २ रुपये ६९ पैसे वाचतात. मला दिलेल्या कोटेशनमध्ये डिझेल सव्वा लाखाने महाग होती. महाराष्ट्रात १० लाखांच्या आत पेट्रोलला ११ टक्के रोड टॅक्स आणि डिझेलला १३, तोही त्यात आला. सव्वा लाख वसूल व्हायला साडेशेहेचाळीस हजार किलोमीटर लागतात. माझं वर्षाचं १२ हजार, म्हणजे चार वर्षं. साडूचं ४ हजार, म्हणजे साडेअकरा वर्षं, आणि त्यात गाळणीचं बिल धरलेलं नाही. सीएनजी ८० रुपये किलो आणि २२ चा अॅव्हरेज धरला तर ती दोघांपेक्षा स्वस्त. ज्याला डिकीत गोण्या नकोत आणि पंपावरची रांग चालते, त्याने तीच घ्यावी.

आणखी एक. कल्याण-डोंबिवली मुंबई महानगर प्रदेशात येते. इथल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली होती. घाबरवत नाही. पण जो म्हणतो "डिझेल घ्या, वीस वर्षं बघायला नको", त्याला हे विचारा.

मी शेवटी डिझेलच बुक केली. मधलं व्हेरियंट, सनरूफ नाही, दिवे चांगले, सहा एअरबॅग. मागच्या वायपरसाठी एक पायरी वर जावं लागलं, त्याचा राग अजून आहे. माझं अंतर आणि माझा भार डिझेलचा आहे, म्हणून घेतली. सवय म्हणून नाही.

मंडळी, बाजारात जाताना घरची माणसं आणि दोन गोण्या सोबत न्या. चढ मागा, गल्ली मागा, अंधार मागा. नाही म्हटलं तर उठा. किंमत आपण रोख मोजतो, मग चाचणी उधारीवर का?

तुमच्या गाडीची गाळणी कधी तुंबली असेल तर किती किलोमीटरला आणि रोजचा वापर किती, ते लिहा. ब्रोशरपेक्षा ते आकडे आपल्या जास्त कामाचे आहेत.

पुढच्या आठवड्यात झोडणीच्या नोंदी.