शाळेला कुलूप नको, आजारी मुलाला सुट्टी हवी

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या शाळा आठवडाभर बंद राहिल्या, तेव्हा इथे न्यू जर्सीत आम्ही रोज ई-पेपर उघडून आधी स्वाइन फ्लूची बातमी शोधत होतो. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, मास्कचा तुटवडा, ओस पडलेली थिएटरं. भारतातला पहिला बळी पुण्यातली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. पालकांचा जीव टांगणीला लागला, यात नवल ते काय? मग तिकडे शाळा पुन्हा भरल्या आणि इकडे लेबर डेनंतर आमच्याही सुरू झाल्या. दोन्हीकडे पालकांचा प्रश्न एकच होता. पुन्हा रुग्ण सापडले, तर शाळा बंद करायच्या का?

मला वाटतं, सरसकट नको. त्यापेक्षा आजारी मूल घरी राहील, एवढं एकच नीट सांभाळलं तर जास्त फायदा होईल. ऐकायला हे सोपं आहे, पण करायला फार अवघड.

अमेरिकेने हा धडा एप्रिल-मेमध्येच घेतला. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या सेंट फ्रान्सिस प्रेप शाळेत शेकडो मुलं एकदम आजारी पडली. मग सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सल्ला दिला की रुग्ण सापडलेली शाळा दोन आठवड्यांपर्यंत बंद ठेवा. बघता बघता देशभरात सातशेहून अधिक शाळांना कुलूप लागलं. पण आजार वाटला होता तितका जीवघेणा नाही, हे दिसताच ५ मे रोजी सीडीसीने तो सल्ला मागे घेतला. ऑगस्टमधल्या नव्या सूचनांचा भर वेगळ्याच गोष्टीवर होता. तापाचं औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच मुलाने शाळेत यावं. शाळेत कणकण जाणवली, तर त्याला वेगळ्या खोलीत बसवून घरी पाठवावं. आजाराने उग्र रूप घेतलं, तर शाळा बंद करण्याचा मार्ग मोकळा ठेवलाच होता.

"औषध न घेता" हे शब्द महत्त्वाचे आहेत. सकाळी क्रोसिन दिली की ताप दोन-चार तास उतरतो, मूल टवटवीत दिसतं आणि रिक्षात बसून शाळेत जातं. ताप उतरला तरी विषाणू कुठे जात नाही. दुपारपर्यंत तो शेजारच्या बाकावर पोचलेला असतो.

शाळा बंद केल्याने मुलं घरात बसतात, असंही नाही. ती मॉलमध्ये, क्लासला, सोसायटीच्या आवारात भेटतातच. शिवाय शाळेतल्या दुपारच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांचं काय? हा प्रश्न इथल्या मोफत लंचचा आहे, तसाच आपल्याकडच्या खिचडीचाही. १९१८च्या भयंकर साथीत न्यूयॉर्क आणि शिकागोने शाळा चालू ठेवल्या होत्या. दाटीवाटीच्या चाळवजा घरांपेक्षा मुलं शाळेत डॉक्टरांच्या नजरेखाली बरी, असा तेव्हा विचार झाला. रोज मुलांची तपासणी व्हायची आणि आजारी मुलाला लगेच वेगळं काढलं जायचं.

मग आजारी मुलं शाळेत येतात तरी का? कारण आपणच त्यांना तसं शिकवतो. इथे "परफेक्ट अटेंडन्स"चं सर्टिफिकेट मिळतं, तिकडे शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. कॅलिफोर्नियात तर शाळेला मिळणारा सरकारी पैसाच रोजच्या हजेरीवर ठरतो. आणि घरी थांबणार कोण? पगारी आजारी रजा देण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेत देशपातळीवर नाही. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहराने २००७पासून ती दिली, मुलाच्या आजारपणासाठीसुद्धा. तेव्हा बाकी बहुतेक ठिकाणी हॉटेलात काम करणाऱ्या आईला दोन दिवस घरी राहणं म्हणजे दोन दिवसांचा पगार गमावणं होतं. पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईची गोष्ट याहून वेगळी नाही. अशा आईला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण त्याने साथ थांबत नाही.

म्हणून शाळांनी तीन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. साथीच्या वर्षापुरती हजेरीची बक्षिसं बंद करावीत. तापाने गैरहजर राहिलेल्या मुलाची चाचणी पुन्हा घ्यावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा हट्ट धरू नये, नाहीतर त्या चिठ्ठीसाठीच दवाखान्यात गर्दी व्हायची. तिसरं, नळाला पाणी आणि नळाजवळ साबण असावा. साठ मुलांच्या वर्गात सहा फुटांचं अंतर कुठून आणणार? पण साबण नक्की आणता येईल. ऑफिसांनीही मुलाच्या तापासाठी मागितलेली रजा कपाळाला आठ्या न घालता द्यावी.

ताप येण्याच्या आदल्या दिवशीही संसर्ग पसरू शकतो, त्यामुळे एवढं करून साथ पूर्ण थांबणार नाही. पण तिचा वेग कमी होईल, आणि साथीत आपल्याला वेळच हवा असतो. २००९मध्ये इथे लस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येईल असं सांगत होते. भारतात तिला आणखी वेळ लागणार होता. उद्या सकाळी मुलाचं अंग गरम लागलं, तर गोळी देऊन दप्तर भरू नका. त्याला झोपू द्या. बुडालेला धडा नंतर भरून काढता येतो.