कुंडलिकेची सहल
कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करावयाचे, असा हट्ट एका कापड व्यापाऱ्याच्या मुलांनी श्रावणातच धरला. चातुर्मासात प्रवास नको, म्हणून आजीने कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबविले. पाऊस सरल्यावर नदीला पाणी कुठले, ही मुलांची शंका मात्र फोल ठरली. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून भिरा येथील जलविद्युत केंद्रात उतरते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेला मिळते. त्यामुळे कोरड्या ऋतूतही सकाळी पाणी सुटले की नदी फेसाळते. वेळ अर्थात वीजकेंद्राची! मुंबईहून आदल्या दिवशीच, तेही सूर्यास्तापूर्वी, मुक्कामी पोहोचणे आले. चौविहार सांभाळायचा होता. खाखरे-ठेपल्यांचा डबा आजीने आपल्याकडे घेतला.

खरा पेच विम्याच्या कागदात निघाला. वडिलांच्या अपघात विम्यातून साहसी खेळ वगळलेले होते. दुकानाची पॉलिसी अक्षरन् अक्षर वाचणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःची कधी उघडलीच नव्हती. वेगळे विमासंरक्षण, प्रत्येकाला मापाचे लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि सोबत बचावाची कयाक, हे आयोजकाकडून लेखी मिळेपर्यंत त्यांनी आगाऊ रक्कम दिली नाही. अकरा वर्षांची धाकटी आजीबरोबर काठावर थांबणार आहे. तिचा रुसवा अजून गेलेला नाही.