पासवर्ड कुणाचा?

हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या वस्तूंचे फोटो फार फिरतात. फ्लॉपी, पेटीएवढा मॉनिटर, लाल दिवे लुकलुकणारा मोडेम... आणि खाली ठरलेलं वाक्य, ‘काय दिवस होते ते!’ मलाही ते दिवस आठवतात. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? या आठवणी सांगणारे बहुतेक दादा, भाऊजी आणि काकाच असतात! मग तेव्हा आपण कुठे होतो?

होतो की! कॉम्प्युटरचं कव्हर शिवत होतो.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे. नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) आमच्या घरी ते यायला २००० साल उजाडलं. भिशीचे पैसे घालून कॉम्प्युटर घेतला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. आणि तो गेला मुलाच्या खोलीत. त्याला चप्पल घालून जवळ जायचं नाही, आणि बायकांनी तर हातच लावायचा नाही. का? तर ‘बिघडेल’! धूळ मात्र रोज आपणच पुसायची.

नेट लागायचं टेलिफोनच्या तारेतून. त्या तारेतून फक्त आवाज जाई, म्हणून मोडेम सगळी माहिती आवाजात बदलून पाठवायचा. ते टिर्रर्र, खर्रर्र त्याचंच! तोवर फोन एंगेज. पुण्याहून बहीण संध्याकाळभर फोन लावून दमायची. एक गाणं उतरायला वीस मिनिटं, तेवढ्यात लाइन तुटली की पुन्हा श्रीगणेशा. बिल आलं की घरात खडाजंगी!

आपल्याला खुर्ची मिळाली ती क्लासमध्ये. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्यांचा एमएस-सीआयटी कोर्स तालुक्याच्या गावांत पोचला. नोकरीसाठी हे सर्टिफिकेट मागायला लागले, मग शिक्षिका, क्लार्क, लग्नाळू मुली, सासुरवाशिणी सगळ्याच निघाल्या. माऊस हातातून उंदरासारखा पळायचा. मध्येच लाइट जायची, यूपीएस किंचाळायचा आणि सगळ्या एकदम ओरडायच्या, ‘सेव्ह कर गं!’ पण पडद्यावर आपलं नाव देवनागरीत उमटलं, तेव्हा कितीजणींच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलंय.

आता तर नेट पदराआड आलंय. पण खरंच आपलं झालंय का? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरताना माझ्या ओळखीतल्या तिघींचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मोबाइलवर येत होता. पैसे हिच्या नावाचे, खातं हिच्या नावाचं आणि किल्ली दुसऱ्याकडे! म्हणजे कॉम्प्युटर अजून मुलाच्या खोलीतच आहे म्हणायचा.

‘घरातल्या घरात कसली गुपितं?’ असं कुणी म्हणेल. प्रश्न गुपिताचा नाहीच मुळी. घरातला माणूस अचानक दवाखान्यात असेल, तर गॅसच्या नंबरापासून बँकेपर्यंत आपलं अडायला नको. आणि हिशेब आपल्याला दिसत असेल, तरच चूक दिसेल. पूर्वी कपाटाच्या किल्ल्या आपल्या कमरेला असायच्या, तेव्हा कुणाला त्यात अविश्वास वाटला नाही. मग पिनमध्येच का वाटावा?

म्हणून सांगते, मोबाइल नंबर स्वतःच्या नावावर घ्या. बँकेत जाऊन तोच खात्याला जोडा. पिन स्वतः ठरवा, स्वतःच लक्षात ठेवा आणि फोनवर गोड बोलणाऱ्या कुणालाही ओटीपी सांगू नका. जमत नसेल तर लेकीकडून, सुनेकडून शिकून घ्या, पण बटण आपल्या बोटानं दाबा. एमएस-सीआयटीच्या वर्गात जमलं होतं, आता न जमायला काय झालं?